मंत्र्याची होडी

"कुठलं लाकूड आहे हे?" यास्नाने विचारलं आणि अंगणातलं हसणं-खिदळणं एकदम बंद पडलं.

प्रश्न साधाच होता. पण तो ज्याला विचारला, तो आर्नोल्दो तिचा होणारा सासरा होता. देशाच्या पार दक्षिण टोकावरून, पुंता आरेनासहून, बायकोला घेऊन तो पहिल्यांदाच आमच्या ओल्मुए गावात आला होता आणि होणाऱ्या सुनेच्या सशासाठी त्याने स्वतःच्या हातांनी एक खेळणं घडवलं होतं. वीतभर लांबीची होडी. तिला डोलकाठी होती, वल्ही होती, खाली गडगडणारी चाकं होती. लाकूड तांबूस, त्यात गडद रेषा, आणि घासून घासून असं गुळगुळीत केलेलं की हातातून खाली ठेवू नये.

"लाकूड म्हणजे... लाकूडच की गं पोरी," आर्नोल्दो म्हणाला. "इथलंच आहे. आम्ही उतरलोय ना, त्या घरामागे टेकडीवर एक फांदी पडली होती. खिळा नाही, सरस नाही, रंग नाही. सगळं खुंट्यांवर बसवलंय. डांकोने फोनवर तशी तंबीच दिली होती मला."

"ते फारच छान केलंत, काका. पण झाड कुठलं?"

"आमच्याकडचं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं. आमच्याकडे झाडं चार, बाकी सगळा वारा. तुमच्या इथे पावलोपावली नवीन झाड. प्रत्येकाची कुठे ओळख करून घेत बसू?"

सगळे हसले. यास्ना हसली नाही.

तिच्या सशाचं नाव मिनिस्त्रो, म्हणजे मंत्री. नाव तिच्या आईने ठेवलं होतं, कारण घरात आल्यापासून तो दिसेल ते खात होता, कशाचंही उत्तर देत नव्हता आणि बसल्या खुर्चीवरून उठवलं की रागाने पाय आपटत होता. सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात, त्यामुळे त्याला सतत काहीतरी कुरतडायला लागतं. मंत्र्याने टेबलाचे पाय कुरतडले, टेलिफोनची वायर कुरतडली, घरमालकाच्या, म्हणजे यास्नाच्या बापाच्या, चपलेचा अंगठा खाल्ला. तेव्हा त्याला लाकडी खेळणी आणायची ठरली. आणि खेळण्यांच्या बाबतीत यास्ना म्हणजे विमानतळावरची झडती. रंगवलेलं नको, चकाकणारं नको, वास मारणारं देवदार नको, चिकटवलेल्या फळ्यांचं नको, जर्दाळूची किंवा चेरीची ओली फांदी नको, आणि ज्या लाकडाचं नाव सांगता येत नाही ते तर मुळीच नको. गेल्या नाताळात सख्ख्या मावशीने आणलेलं केशरी लाकडी गाजर तिने मावशीच्याच पिशवीत परत घातलं होतं. मावशी अजून तिच्याशी बोलत नाही.

टेबलाखालून डांकोने तिच्या पायावर हळूच पाय दिला. डांको म्हणजे आर्नोल्दोचा मुलगा, यास्नाचा होणारा नवरा. पोरगा समजूतदार, आणि घाबरायला त्याच्याकडे सबळ कारण होतं. लग्न कुठे करायचं, यावरून दोन्ही बाप सहा महिने फोनवर भांडत होते. यास्नाचा बाप निबाल्दो म्हणत होता, लग्न मुलीच्या गावी, ओल्मुएतच होणार. आर्नोल्दो म्हणत होता, मग माझ्या अख्ख्या गोतावळ्याने तीन हजार किलोमीटर चालत यायचं काय? शेवटी ठरलं की समोरासमोर बसून बोलायचं. उद्या रविवारी दुपारी, जेवणावर. आणि ऐन आदल्या संध्याकाळी हा लाकडाचा प्रश्न!

तेवढ्यात निबाल्दो उठला.

"आण इकडे," तो म्हणाला. निबाल्दोने आयुष्यभर ओल्मुएहून लिमाचे नावाच्या गावापर्यंत बस चालवली होती, आणि त्या रस्त्यावरचं पान न् पान आपल्याला ओळखतं असं त्याचं मत होतं. बस चालवताना माणूस रस्त्याकडे बघतो की झाडांकडे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने होडी नाकाशी धरली. नखाने वाजवली. कानाशी नेली. मग डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा म्हणाला, "मायतेन."

"नक्की, बाबा?"

"अगं, मायतेन! गाई खातात, घोडी खातात. या टेकडीखाली जन्मलोय मी. व्याही, हात बाकी सोन्याचा आहे तुमचा."

आर्नोल्दोची छाती फुगली. डांकोने श्वास सोडला. यास्नाने होडी घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि कपाटावर ठेवली. "उद्या जेवायच्या आधी सगळ्यांसमोर देऊ त्याला," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंत्री टेबलाच्या उरलेल्या पायाशी बसून होता.

पाहुणे गेले, यास्ना त्यांना सोडायला गेली, आणि यास्नाच्या आईने, ओर्फेलिनाने, भांडी विसळता विसळता नवऱ्याला विचारलं, "म्हाताऱ्या, मायतेनला असल्या रेषा असतात?"

"असतात."

"चर्चचा दरवाजा अक्रोडाचा आहे म्हणून पैज लावली होतीस, तेव्हाही असंच म्हणाला होतास. तो निघाला पत्र्याचा."

"त्याला रंग अक्रोडाचा दिला होता!"

"मी काही म्हणत नाही. पण पोरीने त्या जिवाला बाटलीने दूध पाजून वाढवलंय. त्याला काही झालं, तर लग्न राहू दे, ती तुला अंत्यविधीलासुद्धा यायची नाही. तुझ्या."

बाहेर अजून उजेड होता. निबाल्दोने कपाटावरची होडी घेतली आणि मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडी टाकीपाशी गेला. पुन्हा हुंगली. मायतेन असणारच. पण नसलं तर? विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तो उद्या गावभर सांगणार की निबाल्दोला मायतेन ओळखता येत नाही. मग त्याच्या डोक्यात तो विचार आला, जो शहाण्या माणसाच्या डोक्यात येत नाही आणि आला तरी तो तिथेच राहतो. आपणच खाऊन बघावं.

त्याने आधी होडी मनगटावर चोळली. काही झालं नाही. मग चाटली. कडवट होती, पण वाईट नव्हती. मग आजूबाजूला बघून त्याने होडीचं नाक तोंडात धरलं आणि दाढांनी चावायला सुरुवात केली. एकदा सुरुवात केल्यावर त्याला मंत्र्याचं म्हणणं थोडं पटायलाही लागलं.

"काय करतोयस?" दारातून ओर्फेलिना ओरडली.

"तपासतोय. मला काही झालं नाही म्हणजे सशालाही होणार नाही."

"हे तुला कुणी सांगितलं? तू स्वतः बनवलेली वाइनसुद्धा पितोस आणि तुला काही होत नाही!"

निबाल्दोने तुच्छतेने भुसा थुंकला. थोडा वेळ वाट पाहिली. पोटात दुखलं नाही, चक्कर आली नाही. होडी टाकीच्या कठड्यावर तशीच ठेवून तो गाणं गुणगुणत आत गेला आणि समाधानाने झोपला.

सकाळी ओर्फेलिनाने कूस बदलली, डोळे उघडले आणि किंकाळी फोडली. तिच्या नवऱ्याच्या उशीवर कुणीतरी दुसराच माणूस झोपला होता.

"का किंचाळतेस?" त्या माणसाने विचारलं. आवाज निबाल्दोचा होता. पण चेहरा? खालचा ओठ हनुवटीवर लोंबत होता, वरचा नाकाला जाऊन टेकला होता, डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या आणि सगळं मिळून भाजलेल्या भोपळ्यासारखं लालबुंद झालं होतं. मनगटावर तर फोडांची माळच उठली होती.

ओर्फेलिनाने त्याला आरशासमोर उभं केलं. निबाल्दोने आरशात पाहिलं, दचकून मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"लित्रे," ओर्फेलिना हताशपणे म्हणाली. "मायतेन नाही, मुडद्या, लित्रे!"

आमच्या टेकडीखालच्या पोराला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवतात: लित्रेच्या झाडाला हात लावायचा नाही, त्याच्या सावलीत झोपायचं नाही, आणि जवळून जावंच लागलं तर अदबीने नमस्कार करून जायचं. कुणाकुणाला काहीच होत नाही. पण ज्याला होतं, त्याला आई ओळखत नाही.

"नी नेहनी ननस्कार करतो त्याला!" निबाल्दो कळवळून म्हणाला. ओठ जुळतच नव्हते, त्यामुळे म आणि ब वगैरे अक्षरं त्याच्या तोंडून हद्दपार झाली होती.

"झाडाला करतोस. होडीला केला होतास?"

चावून झाल्यावर हात न धुता तो आणखी कुठे जाऊन आला होता, ते इथे सांगायची गरज नाही. एवढंच, की न्याहारी त्याने उभ्याने केली.

कॉफीचा पहिला घोट ओघळून शर्टावर गेला तेव्हा त्याला एकदम आठवलं. "होडी!"

ती रात्रभर टाकीच्या कठड्यावरच राहिली होती. यास्ना सकाळीच डांकोबरोबर पाहुण्यांना आणायला गेली होती. आणि जाताना रोजच्यासारखं मंत्र्याला मागच्या अंगणात मोकळं सोडून गेली होती.

दोघं धावत सुटले. टाकीपाशी होडी खाली आडवी पडली होती. तिची डोलकाठी नव्हती. आणि तिच्या शेजारी मंत्री पुढच्या पायांनी तोंड पुसत बसला होता. जेवण झाल्यावर पुसतात तसं.

"काठी?" निबाल्दोने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"खाल्ली." ओर्फेलिना मटकन खाली बसली. "अरे देवा, खाल्ली त्याने."

"ओठ सुजलेत का त्याचे?"

"सशाचे ओठ कसे असतात ते मला काय ठाऊक! कालही फाटलेलेच होते."

"गाल?"

"गाल नेहमीच असे असतात त्याचे."

"आणि डोळे?"

ओर्फेलिनाने सशाचे डोळे पाहिले, मग नवऱ्याचे. "तुझ्यापेक्षा बरे आहेत."

निबाल्दोने मंत्र्याला उचलून छातीशी धरलं. एरवी तो त्याला चपलेवरून शिव्या घालायचा. आज त्याला त्या प्राण्याचं धडधडणारं काळीज हाताला लागलं आणि त्याच्या चिरांमधून पाणी यायला लागलं. "नंत्री," तो म्हणाला, "नंत्री, नरू नकोस रे." मंत्र्याने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं.

"हे बघ," ओर्फेलिना सावरून म्हणाली. "होडी लपवते. पोरीला मी सांगते हळूहळू. तुला कुणी विचारलं तर तुला गांधीलमाशी चावली. व्याह्यांना लित्रेचं कळता कामा नये. त्यांनी इतक्या हौसेने बनवलंय, आणि मायतेन म्हणून शिक्का तू मारलायस. तू तोंड उघडायचंच नाही."

ते तर तसंही उघडत नव्हतं.

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. ओर्फेलिनाने होडी धुण्याच्या बादलीत टाकून वर चादर कोंबली. निबाल्दो ससा घेऊन, तोंड टॉवेलात लपवून पुढच्या अंगणात आला. गाडीतून आधी डांको उतरला, गोंधळलेला. मग यास्ना, कपाळाला आठ्या. मग डांकोची आई नेल्दा, तिचे ओठ घट्ट मिटलेले. आणि शेवटी आर्नोल्दो उतरला.

फेब्रुवारीचं ऊन होतं. कुत्री सावली शोधत होती. आणि आर्नोल्दोच्या डोक्यावर टोपी होती, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापर्यंत गुंडाळलेली लोकरीची मफलर आणि हातांत लोकरीचे हातमोजे.

"ह्यांना जरा... हवा लागलीय," नेल्दा म्हणाली.

"ह्यालाही," ओर्फेलिना म्हणाली.

दोन व्याही एकमेकांसमोर उभे राहिले. वाऱ्याने टॉवेल सरकला. मफलरही घसरली. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं आणि दोघेही एक पाऊल मागे हटले. मग दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात खुलासा केला.

"गांधीलनाशी!"

मंत्र्याने कान टवकारले.

"दोघांनाही?" डांकोने विचारलं.

"आणि दोघांनाही नाशीच?" यास्ना म्हणाली.

नेल्दाचा बांध फुटला. "कसली माशी नि कसलं काय! सांगते मी. काल घरी गेल्यापासून ह्यांचं सुरू झालं, पोरीला शंका आली म्हणजे काहीतरी असेल, निबाल्दोसाहेब म्हणतात मायतेन, पण ते बसचे ड्रायव्हर, झाडांचे डॉक्टर नव्हेत. आणि होडीतून उरलेला लाकडाचा तुकडा तोंडात घालून बसले चघळत! म्हटलं, अहो, तुम्ही काय खार आहात का? तर म्हणे, सशाला द्यायच्या आधी माणसाने स्वतः खाऊन बघावं, यालाच जबाबदारी म्हणतात. सकाळी उठून बघते तर हे असं. मी ओरडले तशी शेजारचे पर्यटक धावत आले!"

यास्नाने सावकाश मान वळवून बापाकडे पाहिलं. बापाने सशाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ओर्फेलिना म्हणाली. "ह्यानेही तेच केलं. टाकीपाशी उभं राहून. मी डोळ्यांनी पाहिलं."

"बाबा!"

"तुन्ही तर नायतेन न्हणालात!" आर्नोल्दो उसळला.

"लाकूड तुन्ही आणलंत!" निबाल्दो उसळला. "लित्रे आहे ते, लित्रे! इथलं लहान तोरही त्याच्या वाटेला जात नाही!"

"तोर म्हणजे?" नेल्दाने विचारलं.

"पोर," ओर्फेलिना म्हणाली. "लहान पोर."

"थांबा," यास्ना म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की आर्नोल्दोला एकदम घरच्यासारखं वाटलं असावं. "होडी कुठे आहे?"

निबाल्दोने टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला.

"आई, होडी कुठे आहे?"

ओर्फेलिना सगळ्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली आणि तिने बादलीवरची चादर काढली. यास्नाने होडी बाहेर काढली, डोलकाठीच्या जागेचं रिकामं भोक पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने बापाच्या हातातून ससा ओढून घेतला. "कधी खाल्लं? किती वेळ झाला? त्यानंतर काही खाल्लं का त्याने? लेंड्या टाकल्या का?"

"लेंड्या?" आर्नोल्दोने दचकून विचारलं.

"सशाने खाणं सोडलं आणि लेंड्या थांबल्या की संपलं, काका. तेच बघायचं असतं."

मग जे झालं ते ओल्मुएत याआधी कुठल्या घरी लग्न ठरवताना झालं नसेल. दोन्ही कुटुंबं मागच्या अंगणात ओणवी झाली. नेल्दा विमानातून जपून आणलेल्या पांढऱ्या स्कर्टमध्ये गुडघ्यांवर बसून गवत चाळायला लागली. ओर्फेलिना गुलाबाच्या ताटव्यात शिरली. निबाल्दो उभ्यानेच वाकला, कारण त्याला बसता येत नव्हतं. "इथे आहे एक!" नेल्दा ओरडली. "ओली आहे की सुकी?" यास्नाने विचारलं. नेल्दाने बोट पुढे केलं आणि जाहीर केलं की ताजी आहे. पुढच्या कोपऱ्यात आर्नोल्दोला हातमोजा घालूनही एक ढीगच सापडला. त्याने आनंदाने टोपी उडवली.

आणि डांको पोटावर झोपून टाकीच्या खाली हात घालत म्हणाला, "हे बघा."

त्याच्या हातात डोलकाठी होती. अख्खी. एक ओरखडाही नव्हता.

"फेकली असणार त्याने," यास्ना म्हणाली आणि जमिनीवरच बसली. "आवडलं नाही की दातांत धरून भिरकावतो." तिने होडी पुन्हा उचलून उजेडात धरली. "पण मग हे नाक कुणी खाल्लंय? हे दात सशाचे नाहीत."

"नाझे," निबाल्दो म्हणाला.

यास्नाने तोंड ओंजळीत लपवलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून आर्नोल्दो घाबरला, पण ती हसत होती, आणि एकदा ती हसायला लागल्यावर डांको हसला, मग दोन्ही आया. फक्त दोन बाप हसले नाहीत. हसायला ओठ लागतात.

तिने दोघांना ॲलर्जीची गोळी दिली, तोंडावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, होडी जाड पिशवीत बांधून ठेवली आणि सगळ्यांना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग जेवायला बसले. मातीच्या वाडग्यांत खिम्यावर मक्याचं वाटण थापून भाजलेलं पास्तेल आलं, टोमॅटोची कोशिंबीर आली, हिरव्या मिरचीची चटणी आली. दोन्ही बापांना रश्श्याचे पेले आणि नळ्या मिळाल्या. मिरचीची चटणी ओर्फेलिनाने विचारपूर्वक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

निबाल्दोच्या खिशात भाषण होतं. लग्न मुलीच्याच गावी का व्हावं, याची सगळी कारणं त्याने पाठ केली होती. पण त्यातले पहिलेच शब्द होते "माझी पोरगी", आणि ते त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिल्यावर भाषण खिशातच राहू दिलं. समोर आर्नोल्दोही नळी चोखत टेबलक्लॉथकडे बघत होता. त्याच्याही खिशातून कागदाचं टोक डोकावत होतं. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा या दोन घरांचं एकत्र बोलणं शांततेत चाललं होतं. नेल्दा आणि ओर्फेलिना पास्तेलमध्ये साखर किती घालावी यावर बोलत होत्या. खिडकीतून वारा येत होता.

डांकोने यास्नाकडे पाहिलं. यास्नाने डांकोकडे. त्याने मान हलवली: नको. तिने मान हलवली: आत्ताच. मग ती उठून उभी राहिली.

"बाबा. काका. एक सांगायचंय. आमचं लग्न झालंय."

निबाल्दोच्या नळीतून रस्सा उलटा पेल्यात गेला.

"नोव्हेंबरातच. विन्या शहरातल्या नोंदणी कार्यालयात, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. इथे केलं तर काका रुसणार, तिथे केलं तर तुम्ही. आम्ही कंटाळलो. तेव्हापासून रोज सांगायचं म्हणते आणि रोज धीर होत नाही. आज सांगतेय, कारण आज तुम्हाला दोघांनाही ओरडता येत नाहीये. असा दिवस पुन्हा कधी येणार?"

निबाल्दो उठला. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. त्यात सगळे स्वर होते, व्यंजन एकही नव्हतं. आर्नोल्दोनेही तोंड उघडलं, हातमोजा टेबलावर आपटला, फोडांवर लागला म्हणून कळवळला आणि मदतीसाठी बायकोकडे वळला. निबाल्दो आपल्या बायकोकडे वळला.

ओर्फेलिना नेल्दाला पास्तेल वाढत होती.

"अजून थोडं घ्या, विहीणबाई."

"तू... तुला ठाऊक होतं?" निबाल्दोच्या तोंडून कसंबसं निघालं.

"साक्षीदार म्हणून सही कुणीतरी करायला हवी होती की नाही?" ओर्फेलिना म्हणाली. "तुला सांगितलं होतं ना, त्या मंगळवारी दात दाखवायला चाललेय म्हणून."

"मी फोनवर होते," नेल्दा म्हणाली. "फार रडले मी. सुंदर झालं हो. तिथला कारकूनसुद्धा रडला."

आर्नोल्दोने चष्मा काढला. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांत जे होतं ते राग होता की दुसरं काही, हे त्या सुजेमुळे कुणालाच कळलं नाही. तो उठला. मागच्या दाराने अंगणात गेला. थोड्या वेळाने निबाल्दोही गेला.

दोघं टाकीपाशी आले. आर्नोल्दो कठड्यावर बसला, निबाल्दो शेजारी उभा राहिला. आतून हसण्याचे आवाज येत होते, आणि त्यात यास्नाचा आवाज सगळ्यांत मोकळा होता. लहानपणी बसच्या पुढच्या सीटवर बसून ती अशी हसायची. निबाल्दोला पुष्कळ बोलायचं होतं. पण आपल्याला खरंच राग आलाय का, हे त्याचं त्यालाच नीट ठरवता येईना.

"कुणी काहीच सांगत नाही हल्ली," शेवटी तो म्हणाला.

"काहीच नाही," आर्नोल्दो म्हणाला.

त्यांच्या पायांशी मंत्री गवताचं एक लांब पान खात होता. एका टोकाने आत जात होतं, थांबत नव्हतं. दोघं व्याही त्याच्याकडे बघत राहिले.

"ह्याला तरी ठाऊक होतं का?" आर्नोल्दोने विचारलं.

"सगळ्यांच्या आधी, काका." यास्ना दारात उभी होती. तिच्या हातात त्यांच्यासाठी थंडगार रश्श्याचे पेले होते, आणि प्रत्येकात एक नळी. "खरं तर आम्ही ऑक्टोबरातच करणार होतो. पण पहिला अर्ज त्याने खाल्ला."